जगलिंग शिकायला चेंडू कोणते घ्यावेत, आणि घरी कसे बनवावेत

तीन चेंडूंचं जगलिंग, म्हणजे चेंडू एकामागून एक उडवून झेलत राहणं, शिकताना सुरुवातीचे काही दिवस चेंडू हातात कमी आणि जमिनीवर जास्त असतात. त्यामुळे चेंडू हवेत कसा जातो हे नंतर बघा, पडल्यावर काय करतो ते आधी बघा. टप्पे घेत सोफ्याखाली जाणारा चेंडू दर वेळी गुडघ्यावर बसायला लावतो. अर्ध्या तासाच्या सरावातला निम्मा वेळ शोधाशोधीत जातो आणि चौथ्या दिवशी माणूस नाद सोडतो. घरात टेनिसचे चेंडू पडलेले असतातच, त्यांच्यावरच हात बसवू, असं बहुतेकांना वाटतं. बसतो हात, पण उगाच लांबच्या वाटेने.

घाईत असाल तर एवढं लक्षात ठेवा: मोठ्या माणसासाठी व्यास ६५ मिमीच्या आसपास, वजन ११० ते १३० ग्रॅम, आत बारीक धान्य किंवा प्लॅस्टिकचे दाणे, भरण जराशी सैल, वरचं कापड किंवा कातडं किंचित खरखरीत. जगलिंगवाले अशा चेंडूला बीनबॅग म्हणतात. असे चार घ्या. तीन खेळायला, आणि चौथा पहिल्यांदा ज्याची शिवण उसवेल त्याच्या जागी. नंतर एकटा चेंडू आणला तर तो आधीच्या तिघांच्या वजनाला आणि सैलपणाला क्वचितच जुळतो.

वजन

हलका चेंडू हवेत हळू जातो म्हणून नवशिक्याला सोपा, हा समज फार पसरलेला आहे आणि तो चूक आहे. हातापासून ५० सेंमी वर फेकलेला चेंडू साधारण ०.६४ सेकंदात परत हाताच्या उंचीला येतो, मग तो ६० ग्रॅमचा असो की १६० ग्रॅमचा. हवेच्या जोरावर खरोखर सावकाश उतरतात ते नायलॉनचे पातळ रुमाल. चेंडूला जास्त वेळ हवेत ठेवायचं तर उंच फेकणं एवढाच उपाय.

वजन लागतं ते वेगळ्या कारणाने. चेंडू तळहातावर टेकला हे हाताला न बघता कळलं पाहिजे, कारण त्या क्षणी नजर वर असते, पुढचा चेंडू जिथून वळणार आहे तिथे. ११०-१२० ग्रॅमचा चेंडू टेकला की बोटं आपोआप मिटतात. स्पंजचा २०-३० ग्रॅमचा चेंडू टेकल्याचं कळतच नाही. मग हात वर जाऊन त्याला हिसकावून घेऊ लागतो, झेल कमरेपासून छातीपर्यंत सरकतो आणि फेकायला जागाच उरत नाही. टेनिसच्या चेंडूचं वजन नियमाप्रमाणे ५६ ते ५९.४ ग्रॅम असतं; तो स्पंजाइतका वाईट नाही, पण अपुराच.

दुसऱ्या टोकाला क्रिकेटचा सीझन बॉल, १५६ ते १६३ ग्रॅमचा. मनगट लवकर भरून येतं, बोटाच्या पेरावर बसला तर दोन दिवस सराव बंद, आणि घरातल्या फरशीचं काय होईल ते सांगायला नको. १५० ग्रॅमच्या वर शिकताना जाऊ नका.

माहिती सिद्धांताचा पाया घालणारे अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांना जगलिंगचा नाद होता. चेंडू हवेत किती वेळ असतो, हातात किती वेळ असतो आणि हात रिकामा किती वेळ असतो, यांची सांगड घालणारं एक सूत्र त्यांनी मांडलं. त्यातलं आपल्या कामाचं एवढंच: चेंडू हातात जितका जास्त वेळ स्वस्थ बसतो, तितकी पुढची फेक नेम धरून करता येते. टणक चेंडू तळहातावर उसळतो, आणि नेमका हा वेळ खाऊन टाकतो.

आकार आणि हाताचं माप

मनगटाच्या रेघेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत पट्टी लावा. १६ सेंमीच्या आत भरलं (बहुतेक मुलांचं एवढंच भरतं) तर ५५ ते ६० मिमीचा, ७० ते ९० ग्रॅमचा चेंडू. १६ ते १९ सेंमीला ६२ ते ६५ मिमी. त्याहून मोठ्या हाताला ६७ ते ७० मिमी चालतो. ७२ मिमीच्या पुढे तीन चेंडू हवेत एकमेकांना घासायला लागतात, कारण नवशिक्याच्या फेका आधीच जवळजवळ जातात.

पट्टी नसेल तर हातच कसोटी. तीन चेंडूंची सुरुवात नेहमी एका हातात दोन चेंडू धरून होते. मागचा चेंडू करंगळी आणि अनामिकेने तळहाताशी दाबून धरायचा, पुढचा अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात. आता फक्त पुढचा चेंडू डोळ्यांच्या उंचीपर्यंत उडवा आणि दुसऱ्या हातात झेला. असं दहा वेळा करा. मागचा चेंडू दोनदा-तीनदा निसटला तर चेंडू तुमच्या हाताला मोठा आहे, किंवा गुळगुळीत आहे, किंवा ठासून भरलेला आहे. दुकानात उभ्या उभ्या ही परीक्षा एका मिनिटात होते. दुकानदार बघत राहील, बघू दे.

भरण किती सैल

याच ठिकाणी विकतचे स्वस्त संच सगळ्यात जास्त फसतात. चेंडू तळहातावर ठेवून अंगठ्याने दाबा. साधारण एक सेंटिमीटर आत गेला आणि सोडल्यावर खळगा तसाच राहिला तर भरण बरोबर. अंगठा आत जातच नसेल तर चेंडू ठासून भरलाय; तो हातातून उसळेल आणि पडल्यावर घरंगळेल. दोन बोटांत धरल्यावर कापड लोंबत असेल तर उलटा दोष: प्रत्येक झेलाला चेंडूचा आकार बदलतो, कधी चपटा कधी लांबट, आणि दोन फेका सारख्या सुटत नाहीत.

दुसरी परीक्षा: कमरेच्या उंचीवरून फरशीवर सोडून द्या. चेंडू पडल्या जागेपासून एका वितीच्या आत थांबला पाहिजे.

वरचं आवरण

स्वेड किंवा त्याच्यासारखं नकली कातडं कोरड्या आणि घामट, दोन्ही हातांना धरतं. कॉर्डरॉय आणि जाड सुती कापड त्याच्या खालोखाल. चकचकीत रेक्झिन दिसायला छान, पण थंडीत कोरड्या हातातून सटकतं आणि मुंबई-कोकणातल्या उकाड्यात तळहाताला चिकटतं. चिकटलेला चेंडू बोटांतून उशिरा सुटतो, म्हणून तो पुढे न जाता तुमच्याच अंगावर येतो. शिकणाऱ्याला वाटतं आपलं मनगट चुकतंय. रेक्झिनचेच चेंडू असतील तर खांद्यावर पंचा टाकून बसा आणि हात पुसत राहा.

चेंडू किती तुकड्यांचा शिवलाय याची फार चर्चा होते. चार तुकड्यांचा थोडा चौकोनी, सहा-आठ तुकड्यांचा बरा गोल, बारा पंचकोनी तुकड्यांचा जवळजवळ पूर्ण गोल. तीन चेंडू शिकायला चार तुकडेही भरपूर. तुकड्यांपेक्षा शिवण बघा: शिवणीच्या दोन्ही बाजूंना बोटांनी ताण द्या. टाक्यांमधून फट दिसली तर महिन्याभरात तिथून धान्य सांडेल.

रंग सरावाच्या जागेप्रमाणे घ्या. पांढऱ्या भिंतीसमोर पांढरा किंवा पिवळट चेंडू हरवतो, मैदानात आकाशी रंग हरवतो, संध्याकाळी काळा आणि गडद निळा. नारिंगी, गुलाबी, पोपटी बहुतेक ठिकाणी उठून दिसतात. तिन्ही वेगळ्या रंगांचे असले तर ‘आधी लाल, मग हिरवा’ असं बोलत शिकता येतं आणि कोणती फेक वाकडी गेली तेही कळतं.

घरात जे आहे त्याचं काय

लिंबं हाताशी असतात म्हणून सुरुवात तिथून होते. पण आकार एकसारखा मिळत नाही, वजन कमी, आणि चार वेळा पडलं की साल फुटून हात ओशट होतात. मोसंबी बहुतेक हातांना मोठी. मोज्यांचे गोळे हलके, पण घरंगळत नाहीत, म्हणून पहिल्या दिवशी क्रम समजून घ्यायला चालतील. रबरी चेंडू नकोच. गल्ली क्रिकेटचा हेवी टेनिस बॉल वजनाला बरा, टप्प्याला तितकाच वाईट. सागरगोटे खेळलेल्या हाताला वर उडवलेल्या वस्तूखाली वेळेवर पोचणं सवयीचं असतं, त्याचा फायदा होतो. पण सागरगोटा जगलिंगला फार लहान.

सहा-सात वर्षांखालच्या मुलांना चेंडूंआधी पातळ ओढणीचे दीड-दोन फुटी चौकोन द्या. ते सावकाश उतरतात आणि हातांचा क्रम बसतो. पण रुमाल वरून झडप घालून धरायचा असतो आणि चेंडू खालून झेलायचा, त्यामुळे मोठ्यांनी रुमालावर फार रमू नये.

आत काय भरायचं

घरगुती चेंडू जमतो तो धान्यामुळे. ६५ मिमी व्यासाच्या गोलात साधारण १४४ मिली जागा असते. बारीक धान्याचं वजन दर मिलीला साधारण पाऊण ते ०.८ ग्रॅम. म्हणजे भरलेला चेंडू आपसूक ११० ग्रॅमच्या आसपास येतो, जे आपल्याला हवंच आहे. वाळू मात्र धान्याच्या जवळजवळ दुप्पट जड. त्याच मापाचा चेंडू २०० ग्रॅमच्या पुढे जातो, आणि वाळूची टोकं आतून शिवण कापत राहतात.

सगळ्यात चांगले राळे. दाणा गोल, गुळगुळीत, एकमेकांवरून घसरणारा, त्यामुळे चेंडू हाताच्या खोलगटात पसरून बसतो. किराणा दुकानात मिळाले नाहीत तर पक्ष्यांचं खाद्य विकणाऱ्याकडे बघा. लव्हबर्डसाठी विकतात ते बहुतेक राळेच. बाजरी दुसऱ्या क्रमांकाची आणि सगळीकडे मिळणारी. मोहरी छान सरकते, पण थोडी हलकी, आणि दाणे फुटले तर कापडावर तेलाचे डाग येतात. नाचणी इतकी बारीक, की साध्या शिवणीतून झिरपते. तांदूळ चालतो, मात्र आपटून आपटून कणी आणि पीठ होतं आणि काही महिन्यांनी चेंडूतून पांढरी धूळ उडायला लागते. साबुदाणा दमट हवेत चिकटून गोळा होतो. हरभरा, वाटाणा, चवळी मोठी. बोटांना गाठी लागतात आणि चेंडू दबत नाही.

धान्य भरण्याआधी चाळून, निवडून, दोन दिवस कडक उन्हात वाळवा. पावसाळ्यात ऊन नसेल तर कढईत मंद आचेवर हाताला चांगलं गरम लागेपर्यंत परता आणि पूर्ण गार होऊ द्या. गरम धान्य भरलं तर आत वाफ धरते आणि बुरशी येते. वाळवणं टाळलं की दोन महिन्यांत पोरकिडे चेंडूला भोकं पाडून बाहेर येतात.

फुग्यांचा चेंडू

अर्ध्या तासात तीन होतात. एका चेंडूला अर्धा कप (१२० मिलीचं माप) राळे किंवा बाजरी, तीन फुगे, एक पातळ प्लॅस्टिकची लहान पिशवी आणि चिकटपट्टी लागते. फुगे साधे गोल घ्या, नऊ ते बारा इंची, लांबुळके नकोत.

धान्य पिशवीत घालून हवा काढा, तोंड पिळून गोळ्यावर दुमडा आणि चिकटपट्टीच्या एका तुकड्याने बसवा. उरलेली पिशवी कापून टाका, नाहीतर आत गाठ लागते. फुग्याची मान, रुंदी सुरू होते तिथे, कात्रीने कापा. बोटांनी तोंड ताणून गोळ्यावर चढवा, चिकटपट्टीची बाजू आधी आत जाईल असं. पहिल्या फुग्याचं उघडं तोंड खाली आलं असेल. दुसरा फुगा त्या बाजूने चढवा, तिसरा पुन्हा उलट बाजूने. तिसऱ्याच्या आधी फुगा ताणून चिरला तर घाबरू नका, एक जास्तीचा फुगा धरूनच चला. तयार चेंडू ६० मिमीच्या थोडा वर आणि साधारण १०५ ग्रॅमचा होतो. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तिन्ही ठेवा. पाच ग्रॅमपर्यंतचा फरक हाताला कळत नाही, पंधराचा लगेच कळतो.

नवा फुगा हाताला चिकटतो. थोडी टाल्कम पावडर चोळली की भागतं. रबर ऊन आणि तेलाने चिरतं, म्हणून खिडकीत ठेवू नका आणि खाऊन तेलकट हातांनी खेळू नका. वरचा फुगा फाटला की काढून नवा चढवायचा. लहान मूल घरात असेल तर फुग्याचे तुकडे लगेच उचला. ते तोंडात जाऊन घशात अडकतात.

टेनिसचा चेंडू भरून घेणे

टेनिसच्या चेंडूतला टप्पा आणि हलकेपणा एकाच कामात जातात. चेंडूला १५ मिमीची चीर द्यायची, दोन्ही बाजूंनी दाबून चीर तोंडासारखी उघडायची आणि कागदाच्या नरसाळ्याने ६० ग्रॅम धान्य आत सोडायचं. ५७ आणि ६० मिळून ११७ ग्रॅम, म्हणजे बरोबर.

कटर मोठ्यांच्याच हातात. चेंडू गोणपाटाच्या घडीवर दाबून ठेवा, पातं तुमच्यापासून लांब जाईल असं धरा. रबर अचानक फुटतं आणि हात पुढे जातो. चीर बंद करायला सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन दोन्ही कडांना लावून पाच मिनिटं सुकू द्या, मग कडा दाबून धरा. ओलं असतानाच दाबलं तर दुसऱ्या दिवशी उघडतं. हा चेंडू अंगठ्याने दबत नाही आणि थोडा घरंगळतो, पण टिकाऊ आहे.

चार तुकड्यांचा शिवलेला चेंडू

मशीन असेल तर हाच बनवा. पुठ्ठ्यावर १०२ मिमी लांब उभी रेघ काढा. मध्यावर रुंदी ५१ मिमी, दोन्ही टोकांपासून २५ मिमीवर ३६ मिमी, टोकाला शून्य. हे बिंदू हलक्या वळणाने जोडले की होडीसारखा आकार मिळतो. याला सभोवती ६ मिमी माया (शिवणीसाठी जास्तीचं कापड) धरून कापा. एका चेंडूला असे चार तुकडे. कापड उभ्या धाग्यावरच कापा. उरेब (तिरकं) कापलं तर काही दिवसांत चेंडू लांबट होतो.

सुलट बाजू समोरासमोर ठेवून दोन-दोन तुकड्यांना एका कडेने बारीक टीप मारा, मग दोन्ही अर्धे जोडा. शेवटच्या कडेच्या मध्यावर ३ सेंमी जागा मोकळी सोडा. प्रत्येक कडेला दोनदा टीप हवी, टोकांना तर नक्कीच, कारण चारही शिवणी जिथे मिळतात तिथूनच चेंडू पहिल्यांदा उसवतो. सुलटा करून १०० ग्रॅम धान्य भरा, मोकळी जागा टाचणीने बंद करून अंगठ्याची परीक्षा घ्या, कमी-जास्त करा आणि मगच हाताने शिवा. नवं कापड थोडं ताणतं, म्हणून पहिल्या दिवशी किंचित घट्ट वाटला तर चालेल.

जुनी जीन्स शिवायला सोपी वाटते, पण ताठ असते आणि शिवणींचे कंगोरे हाताला लागतात. जुनी कॉर्डरॉय पँट मिळाली तर उत्तम.

चेंडू बरोबर असूनही बिघडतं ते

चेंडू पुढे पुढे जातात आणि तुम्ही त्यांच्यामागे चालता: पलंगासमोर उभे राहा. पलंगाची कड पाय अडवते आणि पडलेला चेंडू गादीवर, गुडघ्याच्या उंचीला मिळतो. चेंडू हवेत आपटतात: बहुतेक वेळा दुसरी फेक घाईने सुटलेली असते, पहिला चेंडू वरून वळेपर्यंत थांबा. खालच्या मजल्यावरून तक्रार येते: १२० ग्रॅमचा चेंडू फरशीवर रात्री बराच दणका देतो, गोधडी अंथरा.

विकतचे घेताना

वेबसाइटवर ‘जगलिंग बॉल’ शोधलं की मुलांच्या बॉल-पूलमधले पोकळ प्लॅस्टिकचे चेंडूही दिसतात. व्यास, वजन आणि आतलं भरण या तिन्हींपैकी एकही लिहिलेलं नसेल तर सोडून द्या. वजन संचाचं लिहिलंय की एका चेंडूचं, तेही बघा. तीन चेंडूंचे मिळून १२० ग्रॅम म्हणजे प्रत्येकी ४०. प्लॅस्टिकच्या दाण्यांचे चेंडू धुता येतात आणि कीड लागत नाही, म्हणून कोकणात किंवा शाळेच्या वर्गासाठी तेच बरे.

रंगमंचावर वापरतात ते पोकळ, गुळगुळीत, ७० मिमीच्या पुढचे चेंडू आणि पातळ कवचात थोडं मीठ घातलेले रशियन चेंडू तीन चेंडूंवर हात बसल्यावर घ्या. जमिनीवर आपटून खेळायचे उसळते सिलिकॉनचे चेंडू हा वेगळाच प्रकार. शॅनन यांनी जगलिंग करणारं यंत्र बनवलं तेही असंच, चेंडू खाली ताणलेल्या ढोलावर आपटणारं.

धान्याचा चेंडू पाण्यात बुडवू नका. मळला तर ओल्या फडक्याने पुसून पंख्याखाली ठेवा. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, डबा उंदरांच्या वाटेत नको. महिन्यातून एकदा वास घ्या. कुबट आला तर एक शिवण उसवून धान्य बदला, कापड धुऊन वाळवा आणि पुन्हा भरा.